जुन्या मोटारीचे ‘मिसिंग’ : एका निदानपद्धतीचा विचार

१. विषय आणि संज्ञा

मोटारीच्या इंजिनातील एखाद्या सिलिंडरमध्ये ठरलेल्या क्षणी इंधन पेटले नाही, अथवा अर्धवट पेटले, तर इंजिनाची लय मोडते. उभी गाडी थरथरू लागते, चढावर तिचा जोर ओसरतो, आणि धूर सोडणाऱ्या नळीतून एकसारख्या आवाजाऐवजी अडखळत येणारा आवाज ऐकू येतो. आपल्याकडील गॅरेजांतून या दोषाला ‘मिसिंग’ असे म्हणतात. मुळात इंग्रजी धातुसाधित असलेला हा शब्द कारागिरांच्या मराठीत पूर्णपणे नाम झालेला आहे : ‘गाडीला मिसिंग आहे’, ‘मिसिंग गेले’, ‘गरम झाल्यावर मिसिंग येते’ अशी वाक्ये तेथे सहज कानी पडतात.

या शब्दाविषयी एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. ‘ताप’ हे जसे लक्षणाचे नाव आहे, रोगाचे नव्हे, तसेच ‘मिसिंग’ हेही लक्षणाचेच नाव आहे. तापावर एकच औषध नसते, तद्वत मिसिंगवरही एकच उपाय असू शकत नाही. तथापि व्यवहारात असे दिसते की, मिसिंगची तक्रार येताच प्रथम प्लग बदलले जातात, मग वायरी, मग कॉइल, आणि शेवटी कार्ब्युरेटर उघडला जातो. या क्रमात कोठेतरी दोष नाहीसा होतो. परंतु तो कशामुळे होता हे मालकास कळत नाही आणि पुष्कळदा कारागिरासही कळत नाही. दुरुस्ती होते, निदान होत नाही. निदान न झालेला दोष परत आला म्हणजे सारा खर्च पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

प्रस्तुत लेखाचा हेतू या दोषाच्या निदानाची रीत क्रमशः सांगणे हा आहे. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांपुढे हा विषय ठेवण्याचे कारण असे की, ही रीत आपणांस अपरिचित नाही. ती आपल्या शास्त्राच्या मूलभूत पद्धतींपैकी एक आहे. उदाहरणादाखल जी गाडी घेतली आहे ती महाराष्ट्रातील वाचकांच्या चांगल्या परिचयाची आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली आणि १९७४ पासून हीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटरचे असून त्यात एक कार्ब्युरेटर, एक कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट एवढी साधी योजना आहे. त्यात संगणक नाही. म्हणून दोषाचा शोध घेणाऱ्यास कान, डोळे, हात आणि विचार यांवरच भिस्त ठेवावी लागते.

२. ज्वलनाच्या अटी

सिलिंडरमध्ये ज्वलन होण्यास तीन गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात : हवा आणि पेट्रोल यांचे योग्य प्रमाणातील मिश्रण, त्या मिश्रणावर पिस्टनने आणलेला पुरेसा दाब, आणि नेमक्या क्षणी पडणारी सशक्त ठिणगी. यांपैकी एक जरी उणी पडली तरी तो ठोका चुकतो. मिसिंगची सर्व कारणे या तिन्हींपैकी कोणत्या तरी एका खात्यात मोडतात, आणि त्यांखेरीज चौथे खाते नाही.

ठिणगीची व्यवस्था अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने १९१० च्या सुमारास रूढ केलेली आहे. बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यातून वाहत असतो. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट उघडले की हा प्रवाह एकदम तुटतो, आणि त्यामुळे कॉइलच्या दुसऱ्या, बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. डिस्ट्रिब्युटरमधील फिरता रोटर हा दाब आळीपाळीने चारही प्लगांकडे पोहोचवितो. आळीपाळीचा हा क्रम १–३–४–२ असा असतो. पॉइंटशेजारी बसविलेला कंडेन्सर प्रवाह तुटण्याची क्रिया झटपट व स्वच्छ करतो; तो नसेल तर पॉइंटवरच ठिणग्या पडून प्लगची ठिणगी दुबळी होते.

चार टप्प्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. उभ्या गाडीचे इंजिन मिनिटास ८०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये मिनिटाला ४०० आणि चारही मिळून १६०० ज्वलने होतात. एक सिलिंडर पूर्ण निकामी झाला की दर चौथा ठोका गळतो, म्हणजे सेकंदाला सहा-सात वेळा. जाणत्या कारागिराच्या कानाला हे लगेच कळते. ठोका ठरावीक अंतराने गळत असेल तर दोष एका सिलिंडरपुरता आहे, आणि गळण्यात कसलाच नियम नसेल तर दोष सर्वांना समान असलेल्या भागात आहे, असा पहिला तर्क करण्यास हरकत नाही.

३. दोषाची व्याप्ती

वरील तर्क हाच सर्व निदानाचा पाया होय. इंजिनाचे भाग दोन वर्गांत पाडता येतात. बॅटरी, कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, पेट्रोलचा पंप आणि कार्ब्युरेटर हे चारही सिलिंडरांचे सामाईक भाग आहेत. प्लग, त्याची वायर, डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतील त्या वायरीचे टोक, दोन झडपा, पिस्टन आणि त्याच्या रिंगा हे प्रत्येक सिलिंडरचे स्वतःचे भाग आहेत. एकच सिलिंडर सतत चुकत असेल तर कार्ब्युरेटर उघडण्यात अर्थ नाही, कारण तोच कार्ब्युरेटर उरलेल्या तिघांना व्यवस्थित पोसत आहे. उलट चारही सिलिंडर अधूनमधून चुकत असतील तर चार प्लग एकाच दिवशी बिघडले असे मानण्यापेक्षा एक सामाईक भाग बिघडला असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

या दोहोंच्या मध्ये एक तिसरी शक्यता आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम निकामी झाले तर हेडखालील गॅस्केट त्या दोहोंच्या मधोमध जळालेले असण्याचा संभव मोठा. त्यांच्या वायरींची अदलाबदल झालेली नाही ना, हे मात्र त्याआधी पाहावे. ती चूक शोधण्यास अर्धा मिनिट पुरतो.

४. अन्वय आणि व्यतिरेक

कोणता सिलिंडर चुकतो हे ठरविण्याची रीत सोपी आहे. इंजिन मंद चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढावयाची. चालत्या सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी अडखळते आणि त्याचे फेरे उतरतात. ज्याची वायर काढूनही काहीच फरक पडत नाही तो सिलिंडर आधीपासूनच मृत होता. ही परीक्षा रबरी मुठीच्या पकडीने करावी. काढलेल्या वायरीस एखादा जादा प्लग लावून त्याचे अंग इंजिनाच्या लोखंडास टेकवून ठेवावे. अन्यथा वाट न मिळालेला विद्युत्दाब कॉइलचे अथवा रोटरचे आवरण भेदून जातो. पेट्रोल ठिबकत असेल तर ही परीक्षा मुळीच करू नये.

आपल्या व्याकरणपरंपरेत या युक्तिवादाला अन्वय-व्यतिरेक असे म्हणतात. जे असता कार्य होते आणि जे नसता कार्य होत नाही, ते त्या कार्याचे कारण मानावे, असे त्याचे स्वरूप. पतंजलीच्या महाभाष्यात प्रकृतीचा अर्थ कोणता आणि प्रत्ययाचा कोणता हे याच रीतीने वेगळे केलेले आहे. ‘घरात’ आणि ‘घराहून’ यांत जो अंश बदलला त्याबरोबर जो अर्थ बदलला तो त्या अंशाचा. ‘घरात’ आणि ‘दारात’ यांत जो अंश टिकला त्याबरोबर जो अर्थ टिकला तो त्या अंशाचा. वायर काढून पाहणे हा व्यतिरेक होय. त्यापुढची पायरी अन्वयाची.

समजा, दुसरा सिलिंडर चुकतो असे ठरले. आता दुसऱ्याचा प्लग तिसऱ्यात आणि तिसऱ्याचा दुसऱ्यात घालावा आणि इतर कशालाही हात लावू नये. मिसिंग तिसऱ्यात गेले तर दोष प्लगचा, कारण दोष त्याच्याबरोबर गेला. दुसऱ्यातच राहिले तर प्लग निर्दोष ठरला. मग हाच प्रयोग वायरीवर करावा. तरीही दोष जागचा हलला नाही तर टोपीतील टोक तपासावे, आणि तेही चांगले असेल तर प्रश्न ठिणगीचा उरत नाही. तो दाबाचा होतो.

येथे दोन पथ्ये सांगितली पाहिजेत. पहिले, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्लग आणि वायर दोन्ही एकदम बदलल्यास दोष जाईल, पण त्याचे श्रेय कोणाला द्यावयाचे हे कळणार नाही. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे असून तेच बहुधा पाळले जात नाही : दोष गेल्यावर काढलेला भाग पुन्हा मूळ जागी बसवून दोष परत येतो का ते पाहावे. प्लगची वायर नुसती काढून घातल्यानेही तिच्या टोकावरील गंज खरवडला जाऊन संपर्क सुधारतो. अशा वेळी नवीन प्लग हे गाडी सुधारण्याचे कारण नसते, केवळ निमित्त असते. दोष जाणे हा निदानाचा अर्धाच पुरावा आहे. हवा तेव्हा तो परत आणता येणे हा उरलेला अर्धा.

या पद्धतीचीही एक मर्यादा आहे. ती दोष एकच आहे असे गृहीत धरते. पन्नास वर्षांच्या इंजिनात दोन दुबळ्या गोष्टी एकमेकींच्या आधाराने उभ्या असतात. रुंदावलेल्या गॅपचा प्लग आणि मंदावलेली कॉइल यांपैकी कोणतीही एक सुधारली तरी गाडी चालू लागते. म्हणून गॅप, पॉइंट आणि झडपांचे अंतर ही नित्याची मापे निर्मात्याच्या पुस्तिकेप्रमाणे आधी बसवून घ्यावीत आणि मगच शोधास लागावे.

५. दाबाची परीक्षा

चारही प्लग काढून, पेट्रोलचे पेडल पूर्ण दाबून, स्टार्टरने इंजिन फिरवीत प्रत्येक सिलिंडरचा दाब मापकाने मोजावा. प्रत्यक्ष आकड्यापेक्षा चौघांतील तफावत अधिक बोलकी असते. एखादा सिलिंडर इतरांहून १५ टक्क्यांपेक्षा जास्त खाली असेल तर तो संशयित समजावा. मग त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब चढला तर रिंगा झिजलेल्या आहेत, कारण तेलाने त्यांच्या फटी तात्पुरत्या बुजविल्या. चढला नाही तर झडप नीट बसत नाही, अथवा गॅस्केट गेले आहे. झडप न बसण्याचे कारण कधीकधी केवळ टॅपेटचे अंतर कमी राहणे एवढेच असते. हेड उतरविण्यापूर्वी पाती-मापकाने ते अंतर पाहून घ्यावे. हजारोंचा खर्च अनेकदा तेवढ्याने टळतो.

६. दोषाची वेळ

कोठे हा प्रश्न सुटला की केव्हा हा प्रश्न विचारावा. मिसिंग केवळ इंजिन मंद चालताना येत असेल तर कार्ब्युरेटरचा मंदगतीचा जेट तुंबलेला असतो, किंवा कार्ब्युरेटरखालील गॅस्केटमधून इंजिन ‘हवा ओढत’ असते. केवळ चढावर अथवा एकदम वेग घेताना येत असेल तर दोन शक्यता. एक अशी की, जोर पडताना सिलिंडरमधील दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी पडण्यास अधिक व्होल्ट लागतात. दुबळी कॉइल तेथे उघडी पडते. दुसरी अशी की, पंपाचा पडदा सैल झाल्याने पेट्रोल कमी पडते.

गाडी थंड असताना उत्तम आणि अर्ध्या तासाने बिघडणारी असेल तर कंडेन्सर किंवा कॉइल यांवर संशय घ्यावा. उष्णतेने त्यांच्या आतील आवरणे दगा देतात आणि थंडावताच पुन्हा ताळ्यावर येतात. उन्हाळ्यात घाट चढताना पंपातील पेट्रोलची वाफ होऊनही असाच प्रकार घडतो. पंपावर ओले फडके ठेवताच गाडी सुधारली तर कंडेन्सर निर्दोष समजावा. हाही व्यतिरेकच.

पावसाळ्यातील मिसिंग हा कोकण-मुंबईकडचा खास प्रकार. टोपीला गेलेली केसासारखी चीर कोरड्या हवेत निरुपद्रवी असते. दमट हवेत तिच्यातून विजेस आडवाट मिळते. अंधारात इंजिन चालू ठेवून पाहिल्यास वायरींवरून आणि टोपीवरून निळसर ठिणग्या धावताना दिसतात. टोपी कोरड्या फडक्याने पुसून तात्पुरते काम भागते; परंतु चिरेत कोळशाची रेघ उमटली असेल तर टोपी बदलणेच इष्ट.

पॉइंटसंबंधी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. पॉइंटची टाच झिजली की गॅप कमी होते, आणि गॅप कमी झाली की पॉइंट उशिरा उघडू लागतात. म्हणजे ठिणगीचीही वेळ मागे सरते. म्हणून आधी गॅप आणि मग टायमिंग हा क्रम उलटा करून चालत नाही. टायमिंग आधी लावून नंतर गॅप बदलणारा मनुष्य आपले केलेले काम आपणच पुसून टाकतो.

७. प्लगची साक्ष आणि आजचे इंधन

काढलेल्या प्लगाचा रंग हा त्या सिलिंडरचा इतिहासच असतो. फिकट तपकिरी रंग प्रकृती ठीक असल्याचे सांगतो. कोरडी काळी काजळी पेट्रोल जास्त असल्याचे, ओला तेलकटपणा रिंगांतून अथवा झडपांच्या मार्गदर्शिकेतून तेल येत असल्याचे, आणि पांढुरका रंग पेट्रोल कमी किंवा उष्णता अधिक असल्याचे लक्षण होय. चारही प्लगांचा रंग एकच असेल तर दोष सामाईक. एकाचाच वेगळा असेल तर त्या सिलिंडरचा स्वतःचा. व्याप्तीचा नियम येथेही तोच.

पांढुरक्या प्लगांचा विचार करताना आजचे पेट्रोल लक्षात घेणे प्राप्त आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. एक किलोग्राम शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलोग्राम हवा लागते. इथेनॉलला सुमारे ९ किलोग्रामच पुरते. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट शुद्ध पेट्रोलच्या हिशेबाने भोके पाडलेले असल्यामुळे नव्या इंधनाचे मिश्रण त्याला विरळ पडते, आणि विरळ मिश्रण पेटण्यास कुचराई करते. शिवाय इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेते. गाडी दीर्घ काळ उभी राहिल्यास ते पाणी इथेनॉलसह टाकीच्या तळाशी वेगळे होऊन साचू शकते. जुन्या रबराच्या नळ्या आणि पंपाचा पडदा यांनाही ते मानवत नाही. म्हणून अशा गाडीच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या बसवून घ्याव्यात, गरज पडल्यास मुख्य जेट किंचित मोठा करावा, आणि गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये.

८. उपेक्षेचे परिणाम

‘चालते आहे तोवर चालू द्या’ ही वृत्ती या दोषाच्या बाबतीत महागात पडते. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन काढते आणि खाली उतरून इंजिनातील तेल पातळ करते; परिणामी रिंगा आणि बेअरिंगे झिजतात. पंधरा मिनिटांत सापडणारा प्लगचा दोष अशा रीतीने इंजिन उतरविण्यापर्यंत जाऊन पोहोचतो. काही पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन तेथे पेटते आणि ‘फटाका’ फुटतो. फटाका सायलेन्सरमधून आला की कार्ब्युरेटरमधून, हेही नोंदवून ठेवावे. कार्ब्युरेटरमधून येणारा फटाका बहुधा विरळ मिश्रणाकडे, बिघडलेल्या टायमिंगकडे किंवा न मिटणाऱ्या झडपेकडे बोट दाखवितो.

९. समारोप

आजच्या गाड्यांतून हे काम संगणक करतो. क्रँकच्या फिरण्याचा वेग तो क्षणोक्षणी मोजतो, आणि एखाद्या ठोक्यापाशी वेग किंचित मंदावला की कोणता सिलिंडर चुकला हे सांकेतिक क्रमांकाने नोंदवितो. उदाहरणार्थ, ‘पी ०३०२’ याचा अर्थ दुसरा सिलिंडर चुकला. कारागिराचा कान जे करीत होता तेच हे; केवळ अधिक सूक्ष्मतेने. परंतु हा क्रमांक दोषाचे ठिकाण सांगतो, कारण सांगत नाही. प्लग की झडप, याचा निर्णय करण्यास माणसाला पुन्हा अदलाबदल करून पाहावीच लागते.

मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनीचे वीस वर्षांचे आयुष्य ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. त्या गाड्यांवर ज्यांचे हात तयार झाले त्या कारागिरांपैकी पुष्कळांनी ही पद्धत कोणत्याही पुस्तकातून घेतलेली नाही, आणि कोठे लिहूनही ठेवलेली नाही. त्यांच्या बोलीत मात्र ती साठलेली आहे. ‘हवा ओढते’, ‘कचरा आला’, ‘प्लग पांढरा पडला’ या प्रत्येक प्रयोगात एक निरीक्षण आहे आणि त्यातून काढलेले अनुमानही आहे. क्षेत्रकार्य करणाऱ्या विद्यार्थ्याने हे शब्द टिपावेत, पण केवळ शब्द टिपून थांबू नये. ‘कचरा आला’ हे वाक्य कारागीर कोणती लक्षणे दिसली असता उच्चारतो आणि कोणती दिसली असता उच्चारीत नाही, हे विचारावे. तेवढे विचारले तर शब्दाचा अर्थही हाती लागेल आणि त्यामागची विद्याही.